टायर, रनफ्लॅट
टायर, रनफ्लॅट : हवा निघून गेल्यानंतरही मर्यादित अंतरापर्यंत मोटारगाडीचा भार पेलणारा टायर. साध्या टायरमध्ये भार मुख्यतः कोंडलेल्या हवेवर असतो. ती गेली की टायरच्या बाजू दुमडून चिरडल्या जातात. रनफ्लॅट टायरच्या बाजूंत उष्णतारोधी रबराचा जाड थर घालून त्या ताठ केलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात टायरच्या आत चाकावर बसविलेले कडे भार घेते. मिशलिन कंपनीची पॅक्स पद्धती अशी होती. परंतु तिला खास चाक व खास साधने लागत असल्याने ती रूढ झाली नाही. आतील चिकट लेपाने छिद्र बुजविणारे टायरही मिळतात, पण ते हवेविना भार पेलत नाहीत. त्यांना रनफ्लॅट म्हणणे सैलपणाचे होय. १९८७ मध्ये ब्रिजस्टोन कंपनीने पोर्श ९५९ या मोटारीसाठी रनफ्लॅट टायर पुरविले होते.

हवा गेल्यावर सामान्यतः ताशी ८० किमी. पर्यंतच्या वेगाने सुमारे ८० किमी. जाता येते, जादा भार व उष्मा यांमुळे हे अंतर घटते. सातारा-कराड हे सुमारे ५० किमी. अंतर त्यात बसते. वाई-पाचगणी मार्गावरील पसरणी घाटात किंवा कराड-चिपळूण मार्गावरील कुंभार्ली घाटात, विशेषतः पावसाळी धुक्यात, वळणावर चाक बदलत बसणे हेच मोठे संकट असते. तेथे या टायरचे मोल निर्विवाद आहे.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी या भागांत मात्र हिशेब बदलतो. ताठ बाजूंमुळे खड्ड्यांचे धक्के अधिक जाणवतात. हवेविना चालविलेल्या टायरची आतील हानी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो बहुधा बदलावाच लागतो. आणि त्याच मापाचा रनफ्लॅट टायर लहान गावातील दुकानात मिळेलच असे नाही. तो चाकावरून उतरविणेही नेहमीच्या पंक्चरवाल्याला अवघड जाते. अशा मोटारींत बहुधा स्टेपनी नसते. (हा शब्द वेल्समधील लानेली येथे १९०४ च्या सुमारास निघालेल्या स्टेपनी चाकावरून आला.) भारतात २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार हवादाबदर्शक यंत्रणा व दुरुस्तीसंच असलेल्या ट्यूबरहित टायरांच्या लहान मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही.

दीर्घ ग्रामीण प्रवास असणाऱ्याने साधे टायर व पूर्ण आकाराची स्टेपनी पसंत करणे अधिक व्यवहार्य ठरते. रनफ्लॅट टायर वापरल्यास हवादाबदर्शक यंत्रणा अपरिहार्य आहे, कारण हवा गेल्याचे चालकाला हाताला जाणवतेच असे नाही.