भांग आणि हरवलेलं वाक्य

धुळवडीला भांगेच्या थंडाईचा दुसरा पेला रिचवलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. रंगात येऊन गोष्ट सांगत असतो आणि मध्येच विचारतो, ‘मी काय सांगत होतो?’ गंमत अशी, की त्याला शाळेतले मास्तर आठवतात, घरचा पत्ता आठवतो. हरवतं ते फक्त दोन मिनिटांपूर्वीचं.

भांग, गांजा, चरस ही एकाच झाडाची लेकरं. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा, चरस राळेचा. नशा आणणारं द्रव्य टीएचसी. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळं करून त्याची रचना सांगितली. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत आढळलं, की मेंदूच्या पेशींवर हे द्रव्य नेमकं जाऊन बसेल अशा जागाच आहेत. आता निसर्गानं या जागा गांजासाठी थोड्याच केल्या असतील? शरीराचं स्वतःचं असं काही असणारच. ते १९९२ साली मेशुलम यांच्याच जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडलं. नाव ठेवलं ‘आनंदामाइड’, आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’वरून!

शरीरातल्या अशा द्रव्यांचं काम मोठं नाजूक. एखाद्या पेशीकडे संदेशांचा भडिमार झाला, की ती हे द्रव्य तिथल्या तिथे तयार करून उलट धाडते: ‘पुरे आता’. काम झालं की ते लगेच नष्ट होतं. टीएचसीला असा पाचपोच नाही. ते सगळीकडे ‘पुरे, पुरे’ म्हणत सुटतं, तेही तासन् तास. नव्या अनुभवाची नोंद करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात या जागा दाटीनं आहेत. म्हणून जुन्या नोंदी शाबूत राहतात, नवी होत नाही.

भांग पोटातून जाते, त्यामुळे ती चढायला तास-दीड तास लागतो. ‘काहीच होत नाही’ म्हणून आणखी घेणारे इथेच फसतात.

१९८५ च्या कायद्यानं गांजा-चरसवर बंदी आहे, पानांची भांग त्या व्याख्येबाहेर. मेंदूला मात्र ही रेघ ठाऊक नाही.

खरी काळजी वसतिगृहातल्या पोरांची. ताण घालवायला ओढायचं आणि मग अभ्यासाला बसायचं, म्हणजे वाचलेलं नोंदलंच जात नाही. शिवाय मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. बोस्टनमध्ये १६ ते २५ वयाच्या, नियमित ओढणाऱ्या मुलामुलींना महिनाभर ते थांबवायला लावलं. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवे शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली होती, आणि बरीचशी पहिल्याच आठवड्यात.