काटकसर कुणाच्या ताटातून?

सरकारी नोकरीतल्या माणसाला केळापूर तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकावे लागते. ‘‘तुमाले काय कमी हाय गा? एक तारीख आली का पगार भेटते. सरकार बुडून राहिलं तं तुमच्याच पगारापायी!’’ बोलणारा बहुधा परका नसतो. आपल्याच वस्तीतला, कापूस वेचून शिकवणाऱ्या माउलीचा मुलगा असतो. पदवी घेऊन भरतीची जाहिरात कधी निघते याची वाट पाहत बसलेला असतो. त्याचे बोलणे हसण्यावारी नेता येत नाही. राग खरा आहे. तो योग्य दाराशी जातो आहे का, एवढेच आम्हाला पाहायचे आहे.

आधी आकडे पाहू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी रुपये महसुली उत्पन्नाचा अंदाज धरला. त्याच वर्षी राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायचा खड्डा, सुमारे १ लाख ३६ हजार कोटींचा. मार्च २०२६ अखेर राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाईल असे त्यातच नमूद होते. २०११ च्या जनगणनेची ११ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली, तर माणशी कर्ज ८३ हजारांच्या घरात जाते. पाळण्यातले पोरही यातून सुटत नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन रकान्यांत महसुली उत्पन्नातले निम्म्याहून जास्त पैसे जातात. एकट्या व्याजाला साठ हजार कोटींच्या वर लागतात.

म्हणजे राज्य बुडाले का? नाही. राज्याच्या एकूण उत्पादनाशी तुलना केली तर हे कर्ज १९ टक्क्यांच्या आत बसते आणि मर्यादा २५ टक्क्यांची आहे. कर्ज काढणे हे काही पाप नव्हे. बैलजोडीसाठी काढलेले कर्ज बैलजोडी फेडते. पण लग्नाच्या जेवणावळीसाठी काढलेले कर्ज वावर खाऊन टाकते, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळते. २०२५-२६ ची महसुली तूट ४५ हजार कोटींहून अधिक होती. याचा अर्थ तेवढी रक्कम धरण-रस्त्यासाठी नव्हे, रोजच्या खर्चासाठी उसनी घ्यायची होती. काळजीचे कारण इथे आहे. खर्चाला लगाम घाला म्हणणारे लोक बहुधा श्रीमंतांच्या बाजूने बोलतात, म्हणून त्यांचे सगळेच खोटे ठरत नाही.

उलट, तिजोरीच्या हिशेबाची चिंता करणारा या देशातला मोठा अर्थशास्त्रज्ञ आपलाच बाप आहे, हे आपण विसरतो. संविधानाच्या पलीकडचे बाबासाहेब आपल्या घरात फार कमी वाचले जातात. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए. साठी त्यांनी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर होता. कंपनीने लढाया केल्या, कर्ज केले आणि १८५८ मध्ये कंपनीचा कारभार गेला तेव्हा ते कर्ज हिंदुस्थानच्या महसुलावर, म्हणजे रयतेच्या डोक्यावर बसले. कर्ज करतो एक आणि फेडतो दुसरा, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच पाहिले होते. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला, १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारच्या कर्ज काढण्याच्या अधिकाराची चर्चा झाली. मर्यादा घालणारा कायदा संसदेने केला नाही तर तो दोष संसदेचा, असे बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले. तो कायदा केंद्राने केला २००३ मध्ये, महाराष्ट्राने २००५ मध्ये.

पण हेच बाबासाहेब १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग आणि शेतजमीन सरकारच्या मालकीची असावी असे मांडतात. सरकारने हात आखडावा असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. गरिबाच्या घामाचा पैसा गरिबाच्याच कामी लागावा आणि पैशापैशाचा हिशेब द्यावा, हा त्यांचा आग्रह.

आता पगार आणि पेन्शनकडे वळू.

१ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्या राज्य कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन नाही. त्याच्या पगारातून १० टक्के कापले जातात, सरकार १४ टक्के घालते आणि हातात काय पडणार ते बाजार ठरवतो. आम्हीही याच कपातीतले. जुन्या योजनेत निवृत्तीच्या वेळच्या पगाराच्या निम्मे वेतन हमखास मिळे. पण त्यासाठी कुठे पैसा साठवलेला नसे. आजच्या करातून आजची पेन्शन दिली जाई. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. कर्मचारी संघटनांनी ऐकले नाही. १४ मार्च २०२३ पासून संप झाला. कार्यालये, शाळा, दवाखाने ओस पडले. समिती नेमून २० मार्चला तो मिटला. पुढे मार्च २०२४ पासून सुधारित योजना लागू करण्याचे ठरले. ऑगस्टमध्ये केंद्राची एकीकृत पेन्शन आली, तीही राज्याने लगेच स्वीकारली. दिवाळखोरीची भाषा करणारेच निवडणुकीच्या तोंडावर निम्म्या पगाराच्या हमीपर्यंत आले. म्हणजे तिजोरी तेवढी रिकामी नव्हती, की मतांपुढे तिजोरी दिसेनाशी झाली? वाचकांनीच ठरवावे.

त्या सात दिवसांत एक गोष्ट आम्हाला फार टोचली. बेरोजगार पोरे उघडपणे म्हणत होती, ‘यांना काढा, आम्ही अर्ध्या पगारात काम करतो.’ संघटनेच्या सभेत यावर टिंगल झाली. टिंगल करण्यासारखे त्यात काही नव्हते. साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारी शेतमजूर बाई आमच्या पगाराला हातभार लावते. तिला म्हातारपणी काय? विधवा असेल, निराधार ठरली, तर संजय गांधी योजनेतून महिना १,५०० रुपये. तेही २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले म्हणून. कारखान्याच्या मालकाशी भांडणारा कामगार नफ्यातला वाटा मागतो. सरकारी कर्मचारी मागतो तो वाटा या बाईच्या करातून येतो. संघटनेने मागणीपत्र लिहिताना पहिल्या पानावर हे लिहून ठेवावे.

म्हणून संघटना नकोत का? ते आम्हाला मुळीच मान्य नाही. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचारी ५४ दिवस संपावर होते. केंद्राच्या बरोबरीने महागाई भत्ता मिळावा म्हणून तो लढा होता. त्या पगारावर आपल्या समाजातली पहिली पिढी शहराच्या शाळेत पोहोचली. चपराशाच्या पोराने डॉक्टर व्हावे, हे गावगाड्यात घडले नसते. ते आस्थापनेच्या पगारपत्रकामुळे घडले. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, ही बाबासाहेबांची भूमिका होती. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरच्या संपात ते स्वतः उतरले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आणि गिरणीत आपल्या माणसाला कापड खात्यात शिरू दिले जात नाही, यावर कामगार पुढारी गप्प का, हेही विचारले. संघटनेचा जयजयकार करावा आणि तिला आरसाही दाखवावा, ही त्यांची रीत.

आज तो आरसा कुठे धरायचा? कंत्राटी माणसापुढे. सरकारची खरी काटकसर पगारकपातीत नाही, कारण संघटित माणसाच्या पगाराला हात लावणे परवडत नाही. काटकसर होते ती न भरलेल्या जागांत. मंजूर ७ लाखांहून अधिक पदांपैकी २०२३ साली दोन लाखांहून जास्त रिक्त होती. त्यांत १३ टक्के जागा अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या धरल्या, तर ढोबळ हिशेबाने २६ हजार होतात. एवढ्या घरांत एक तारखेचा पगार गेलेला नाही. हा तोटा कोणत्याही अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापला जात नाही, कारण पुस्तकात तो बचत म्हणून लिहिलेला असतो.

जागा रिकामी राहते, काम मात्र राहत नाही. मग कंत्राट येते. ६ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. शिपायापासून अभियंत्यापर्यंत पदे त्यात होती. गदारोळ झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. निर्णय गेला, पण पद्धत गेली नाही. ती आधीही होती. ज्यांनी आस्थापना शाखेत काम केले आहे त्यांना बिंदुनामावली म्हणजे काय ते सांगायला नको. कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, तो भरला की नाही, अनुशेष किती, हे त्या नोंदवहीत दिसते. आपल्या हक्काचा तो सातबाराच म्हणा ना. ठेकेदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली नसते. तिथे अनुशेषही नसतो, म्हणून मागायलाही काही उरत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, पण झाडू ठेकेदाराच्या हाती गेला की वारस कोणत्या नोकरीचा?

हाच खर्च चांगल्या रीतीने बांधता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून महिना २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ च्या कायद्याने बसला तो रोजगार हमी योजनेसाठी. पगारदाराने द्यायचे आणि शासनाने तेवढीच भर घालून दुष्काळातल्या मजुराला काम द्यायचे, अशी ती बांधणी. २६ जानेवारी १९७९ पासून कामाचा हक्क कायद्याने अमलात आला. टपरीवरच्या आमच्या त्या भावाला हे ठाऊक नसते, आणि आम्ही पगारदारही कपातीपलीकडे लक्ष देत नाही.

उलटे उदाहरण ताजे आहे. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थी बहिणी अनुसूचित जाती-जमातींच्याच आहेत, असा सरकारचा युक्तिवाद. आमच्या वस्तीतल्या बहिणींच्या हाती ते १,५०० पडले, त्यांनी किराणा भरला, पोरांच्या वह्या घेतल्या. त्याचा हेवा आम्हाला नाही. पण बहिणीला ओवाळणी द्यायची तर भावाने आपल्या खिशातून द्यावी. तिच्याच मुलीच्या वसतिगृहाचा डबा उघडून तिला ओवाळणी घालणे, याला काय म्हणावे? विशेष घटक योजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा आणि दुसरीकडे वळवायचा नाही, हे धोरण कागदावर जुने आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये त्याचा कायदा केला, तेलंगणाने २०१७ मध्ये आपला कायदा केला. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की ज्या हक्काला कायद्याचा आधार आहे, त्यासाठी आपल्याकडे मोर्चे काढावे लागतात.

तेव्हा कर्जाची ओरड ऐकली की आपण कान बंद करू नयेत. हिशेब मागणारे पहिले आपण असावे. कर्मचारी संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात पेन्शनच्या आधी रिक्त पदे आणि कंत्राटी सफाई कामगार लिहावेत. अंगणवाडी सेविका डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी संपावर गेल्या तेव्हा कायम कर्मचाऱ्यांच्या किती संघटना त्यांच्या मंडपात बसल्या, हेही आपसात विचारावे.

आणि विहारातल्या तरुणांसाठी, महिला मंडळासाठी एक काम. माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर चालतो. पांढरकवड्याच्या तहसील कार्यालयात, पंचायत समितीत आणि नगर परिषदेत जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे तो द्यावा. तालुक्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, अनुसूचित जातीचा अनुशेष किती, कोणती कामे ठेकेदाराकडे आहेत आणि त्याला महिना किती देयक दिले जाते, एवढे विचारावे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. मागच्या तीन वर्षांचा तो खर्च कशावर झाला, हेही ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे मागावे. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे असते. दारिद्र्यरेषेखालील असल्याच्या पुराव्याची प्रत जोडली तर ते दहा रुपयेही लागत नाहीत.