आईचे ताट आणि लेकराचे आरोग्य

मधुमेह हा पन्नाशीतला, बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्या देहात तो पुढे प्रकटतो, त्याची बांधणी आईच्या उदरात होते. आम्ही वैद्य नव्हे, कामगार चळवळीत वावरलेली माणसे. तरी हा विषय आपणापुढे मांडतो, कारण आईच्या ताटाचा प्रश्न अखेर मजुरीशी येऊन भिडतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बालके जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलो भरली. इंग्लंडमधील बालकांच्या मानाने त्यांचे स्नायू पुष्कळच उणे, चरबी मात्र तितकी उणी नव्हती. अशा देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. ज्या माता पालेभाजी व फळे वारंवार खात, त्यांची बालके मात्र अंगाने भरलेली आढळली.

असे का व्हावे? कापलेले केळे हवेत काळे पडते, लोखंड गंजते. हे प्राणवायूचे काम. शरीरातही अन्न जळताना काही दाहक द्रव्ये उत्पन्न होतात व पेशींना इजा करतात. गरोदरपणी हा भार वाढतो. क आणि ई जीवनसत्त्वे, तसेच पालेभाज्यांतील व फळांतील रंगद्रव्ये त्यांना आवर घालतात. पालेभाजीच्या गुणाचे हे एक कारण असू शकेल. तिच्यात इतरही पोषक द्रव्ये असतात.

मग या जीवनसत्त्वांच्या गोळ्याच का देऊ नयेत? उंदरांवरील २०१० च्या एका प्रयोगात मादीला अशी द्रव्ये दिल्यावर पिलांचा लठ्ठपणा टळला. माणसांत मात्र निराळे घडले. ब्रिटनमध्ये रक्तदाबाच्या विकाराचा धोका असलेल्या गरोदर स्त्रियांना क व ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस दिले गेले. २००६ साली निष्कर्ष आला: विकार टळला नाही, उलट कमी वजनाची बालके अधिक जन्मली. डॉक्टर देतात त्या लोहाच्या व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या सोडू नयेत.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने ज्यांनी तो सुरू केला, त्यांच्या बालकांचे वजन सरासरी ४८ ग्रॅम अधिक भरले. गरोदरपणातील मधुमेहही १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर उतरलेला दिसला. पण ज्या माता अगदीच कृश होत्या, त्यांच्या बालकांचे वजन वाढले नाही. पोटच भरत नसेल, तर एकटी पालेभाजी काय करणार?

मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती-लाभाचा कायदा झाला. पुढे १९६१ च्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतील आठच आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येत. पोषण मात्र गर्भधारणेच्याही आधीपासून हवे, आणि रोजंदारीवरील स्त्रीला ते मिळते तिच्या दररोजच्या मजुरीतूनच. वसईच्या वाड्यांतील भाजी व केळी मुंबईला जातात. ती तोडणाऱ्या, वाहणाऱ्या, विकणाऱ्या बायांच्या ताटात त्यांतले किती पडते, याचा विचार आपण कळंबकरांनी घरोघर करावा, एवढीच विनंती.