अंघोळीच्या पाण्याचा धूर

श्वासाचा हिशेब : भाग सातवा

पौष लागला की लातूर जिल्ह्यात गावोगावी गोठ्याच्या भिंतीला तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या राहतात. तूर झोडपून झाली, माल मोंढ्याला गेला, की मागं उरलेलं हे वर्षभराचं जळतन. नांदेडच्या काळ्या रानात तीच जागा पळाट्यांची. शेवटची वेचणी झाली की कापसाची झाडं उपटून बांधावर वाळत घालायची आणि गाडीभर घरी आणायची. तुराटी असो की पळाटी, तिला रुपया पडत नाही. गेल्या भागात आपण शहरातल्या रस्त्यांची धूळ पाहिली. या भागात मला या न पडणाऱ्या रुपयाबद्दल लिहायचं आहे, कारण तो कुणीतरी भरतोच.

औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात मी थंडीत दोन दिवस राहिले. पहाटे साडेपाचला मी जिच्या घरी उतरले होते त्या घरच्या मावशी उठल्या. स्वयंपाकघरात गॅसची टाकी होती, शेगडी लख्ख पुसलेली होती. चहा तिच्यावर झाला. मग मावशी मागच्या दारी पत्र्याच्या शेडात गेल्या. तिथं दोन चुली होत्या, एक भाकरीची आणि एक पाण्याची. पाण्याच्या चुलीवर जर्मनचं मोठं भगुनं, बाहेरून डांबरासारखं काळं. तुराटी बोटाएवढी जाड असते. ती भरकन पेटते आणि तशीच भरकन संपते, लाकडाच्या ओंडक्यासारखी चुलीत घालून विसरता येत नाही. दर मिनिटाला दोन-चार काड्या आत सारायच्या. त्यामुळं बाईला चुलीपासून हलता येत नाही, तोंड सतत आगीपासून दीड हातावर. दव पडलेली पेंढी असेल तर ज्वाळेआधी पांढरा, जड धूर येतो, मग फुंकणी. मावशींनी फुंकर घातली, दोन्ही डोळे मिटून मान बाजूला केली, खोकल्या, पुन्हा फुंकर घातली. मी विचारलं, पाणी गॅसवर का नाही तापवत? त्या म्हणाल्या, "टाकी भरायला पैसं लागतात की ओ ताई. पानी तर फुकटच तापतंय."

थोडं त्या शेडाबद्दल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधी या पट्ट्यात घरं दगड-मातीची, वर मातीचं जाड माळवद. माळवदाला चुलीच्या वर एक भोक ठेवलेलं असायचं, त्याला साणं म्हणतात. उजेड त्यातून खाली यायचा आणि धूर वर जायचा. त्याच जड भिंती आणि माळवदं त्या पहाटे माणसांवर कोसळली. पुढं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी घरं भूकंपाला टिकणारी हवी होती आणि ते बरोबरच होतं. पण मी पाहिलेल्या घरांना साणं नव्हतं. आत चूल पेटवली की भिंती काळ्या होतात आणि धूर कोंडतो, म्हणून लोकांनी चूल मागच्या दारी नेली आणि वर पत्रे टाकले. वारा लागू नये म्हणून तीन बाजूंनी पोती किंवा जुन्या साड्या बांधल्या. धुराला वाट पुन्हा राहिलीच नाही.

मावशींना दोन जिने चढले की धाप लागते. तालुक्याला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का? "बिडी न्हाई, तंबाखू न्हाई, मिसरी बी कवाच सोडली. मंग दमा आला कुठून?" ज्याला त्या दमा म्हणतात तो बहुधा सीओपीडी असावा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आणि फुप्फुस झिजण्याचा आजार. तो विडी-सिगारेटवाल्या पुरुषांचा आजार, अशी समजूत वैद्यकाच्या पुस्तकांनीही बरीच वर्षं बाळगली. पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. त्यांच्या मांडणीत चुलीच्या धुराला अग्रस्थान होतं. तपासणीच्या खोलीत मात्र अजून बिडीचा प्रश्न विचारला जातो, चुलीचा नाही. मला याची फार टोचणी लागते, कारण एक जास्तीचा प्रश्न विचारायला काहीच लागत नाही.

धूर करतो काय? काडी पूर्ण जळली तर राख सोडून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ एवढंच उरायला हवं. उघड्या चुलीत ज्वाळेला सगळीकडे सारखी हवा आणि सारखी उष्णता मिळत नाही, म्हणून अर्धवट जळलेलं पुष्कळ काही बाहेर पडतं. त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण सर्वांत वाईट. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या चिकट थरात अडकते, थुंकीवाटे बाहेर जाते. हे कण फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून दाह होतो, आणि हा दाह फुप्फुसापुरता राहत नाही. रक्तातून तो सर्व शरीरात पसरतो. म्हणूनच धुराच्या बळींत फुप्फुसाच्या रोग्यांइतकेच हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे रुग्ण येतात. चुलीपुढं बसलेल्या बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येण्याचाही धुराशी संबंध आहे. शिवाय कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आपल्याकडं बाईच्या अंगात रक्त मुळातच कमी, त्यात गरोदरपण, त्यात हा वायू. पोटातल्या बाळाच्या वाट्याला येणारा प्राणवायू कुठून कुठून कमी होतो, हे यातून दिसेल.

हे सगळं मोजायचं एक सुरुवातीचं काम भारतातच झालं. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर हवा ओढणारी छोटी यंत्रं बांधली. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि मोटारी. यंत्रांनी दाखवलं की कारखान्याच्या आसपास कुणी घेत नसेल एवढा धूर घरातली बाई रोज घेते. स्मिथ २०२० मध्ये वारले, तोवर त्यांनी हा विषय सोडला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडं येते. तो थोडा अवघड आहे, पण मावशींच्या दोन चुलींचं उत्तर त्यातच आहे.

आपल्याला वाटतं की धूर निम्मा झाला तर त्रासही निम्मा होईल. फुप्फुस तसं वागत नाही. धुराचं प्रमाण आणि आजाराचा धोका यांचा आलेख काढला तर तो सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीला, कमी धुराच्या टप्प्यात, तो कड्यासारखा उभा चढतो. पुढं, जास्त धुराच्या टप्प्यात, तो पठारासारखा जवळपास आडवा होत जातो. उघड्या चुलीपुढं बसणारी बाई त्या पठारावर असते. तिच्या दोन चुलींपैकी एक बंद केली तर ती पठारावरच दोन पावलं मागं येते, कडा उतरत नाही. कर्क स्मिथ यांनीच ग्वाटेमालात याचा अनुभव घेतला. तिथं धुराडं असलेल्या चुली दिल्यावर मुलांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला, पण डॉक्टरांनी निदान केलेला न्यूमोनिया त्या प्रमाणात घटला नाही. ज्या थोड्या घरांत धूर फारच खाली आला, तिथं फरक मोठा दिसला. चहा गॅसवर आणि पाणी चुलीवर, ही आपल्याकडची तडजोड खिशाला समजूतदार वाटते. शरीराला ती फारशी उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या बाजूचीही गोष्ट सांगायला हवी. भारतासह चार देशांत, आपल्याकडं तामिळनाडूत, सुमारे ३,२०० गरोदर बायांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या बायांना गॅस आणि टाक्या फुकट पुरवल्या. त्यांच्या वाट्याचा धूर पुष्कळ घटला, तरी बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. २०२२ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा या क्षेत्रातले लोक निराश झाले. त्या बायांना गॅस मिळाला तो गरोदरपणाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं त्यांनी धूर घेतलाच होता. कदाचित कारण तिथंच असेल. मी यातून एवढंच घेते की लग्नाआधी, चौदा-पंधरा वर्षांची पोर आईला भाकरीला मदत करू लागते तेव्हाच, धूर जायला हवा. फुप्फुसं विशीपर्यंत वाढत असतात.

सरकारांनी काही केलं नाही असं नाही. १९८० च्या दशकात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २००२ पर्यंत चालला आणि तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. पुढं ओडिशात अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सुधारित चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. मग धुराडी तुंबली, चुलींना तडे गेले, डागडुजी कुणी केली नाही आणि फायदा नाहीसा झाला. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादच्या सभेत दिली गेली. देशात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. ही मोठी झेप आहे आणि मी ती मनापासून मोठी मानते. पण खेड्यांत हा आकडा ४३.२ टक्केच होता. आणि उज्ज्वलाचं घर वर्षाला सरासरी चारच्या आसपास टाक्या भरतं.

चार टाक्यांत काय होतं? एक साधा हिशेब करू. घरात पाच माणसं, प्रत्येकाला पंधरा लिटर गरम पाणी, म्हणजे ७५ लिटर. थंडीत ते वीस-बावीस अंशांनी तापवायचं. शेगडीची बरीच उष्णता भगुन्याच्या कडेनं वाया जाते, ती धरली तर १४.२ किलोची एक टाकी या एकाच कामाला जेमतेम दोन महिने पुरते. म्हणजे रोज तापवलं तर वर्षाला सहा टाक्या. उज्ज्वलाच्या सगळ्या टाक्या लावल्या तरी अंघोळीचं पाणीसुद्धा भागत नाही. भाकरी, वरण, भाजी तर पुढंच. पाणी चुलीवर राहतं ते बायांच्या अडाणीपणामुळं नव्हे. त्यांचा हिशेब पक्का आहे. त्यात फक्त फुप्फुसाचा रकाना नाही.

आणि तो रकाना सरकारच्या कागदातही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारतात की स्वयंपाक मुख्यतः कशावर करता. मावशींचं उत्तर "गॅस" असं लिहिलं गेलं तर त्यांचं घर स्वच्छ घरांत मोजलं जाणार. पाणी कशावर तापतं, हे त्यात येत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची गोष्टही अशीच आहे. जानेवारी २०१९ मध्ये तो सुरू झाला. मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत लातूर आहे, नांदेड नाही. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०२४ मध्ये दाखवलं की या कार्यक्रमातला देशभरातला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला. जाळल्या जाणाऱ्या काडी-कचऱ्यावर साडेचौदा टक्के. हवा मोजणारी यंत्रं शहरात उभी आहेत. जानेवारीच्या सकाळी सात वाजता औशाच्या माळावरून कुठल्याही गावाकडं पाहिलं तर घरांवर एक निळसर पट्टा तरंगताना दिसतो. थंड हवा जमिनीला धरून असते, वरची थोडी उबदार असते, म्हणून धूर वर चढत नाही. ज्या घरात चूल नाही त्या घराच्या खिडकीतूनही तो आत जातो. तो पट्टा कुठल्याच यंत्रात येत नाही.

मला विचाराल तर सुरुवात पाण्यापासून करावी. भाकरीच्या चवीवर वाद होतो, गॅसवर ती फुगत नाही म्हणतात, आणि सासूबाईंच्या पिढीला ते पटवणं अवघड. पाण्याला चव नसते. ७५ लिटर पाण्याला विजेचे साधारण दोन युनिट लागतात, आणि मराठवाड्यात जे भरपूर आहे ते म्हणजे ऊन. शंभर लिटरचा साधा सौर बंब एका घराचं सकाळचं पाणी तापवून ठेवतो. शेतातल्या पंपाला सौर पॅनेल देणारी योजना आपल्याकडं आहे. न्हाणीच्या पाण्याला तसं काही मिळालं तर सकाळची एक चूल सगळ्या गावातून एकदम उठेल. धूर गावानं मिळून सोडला तरच आलेखाचा तो कडा उतरता येतो, कारण शेजारच्या चुलीचा धूर खिडकीतून आत येतोच, हे वर आलंच आहे.

निघायच्या दिवशी मी मावशींना टाक्यांचा हिशेब सांगितला. त्यांनी बोटांवर मोजला. "मंजी वरसाला सा टाक्या निस्त्या अंघुळीला." मग सौर बंबाचं सांगितलं. कुणाच्या तरी शेताच्या घरावर त्यांनी तो पाहिला होता. "ब्येस हाय," म्हणाल्या. थोडा वेळ गप्प बसल्या आणि गोठ्याच्या भिंतीला रचलेल्या ढिगाकडं हात केला. "आन् ह्या तुराट्या? ह्या मंग काय रानात पेटवायच्या का?"

प्रश्न खरा आहे. रानात पेटवल्या तर धूर तोच, फक्त जागा बदलली. पुण्याच्या आरती संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचं तंत्र बसवलं आणि त्याला २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. इकडं औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर काडी-कचऱ्याच्या कांड्या जाळण्याचं धोरण आलं आहे. परळीचं केंद्र लातूरहून साठेक किलोमीटरवर आहे. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्या भागात तुराट्यांच्या मागं मागं आपण तिथंच जाऊ.