सर्व्हर उभा करणे, सर्व्हर पुन्हा उभा करणे

सॉफ्टवेअर घडवणाऱ्या गटाच्या सर्व्हरचा, म्हणजे ज्या यंत्रावर सर्वांचा कोड, त्याचा बदलागणिक इतिहास, कामांच्या नोंदी आणि बिल्ड एकत्र नांदतात त्या यंत्राचा, इतिहास सहसा उत्पादनांच्या नावांनी सांगितला जातो. कोणती आवृत्ती कधी आली, तिने कोणती सोय दिली आणि तिने कोणाला मागे टाकले, एवढ्यावर असे आढावे संपतात. हा सर्व्हर मुळात उभा कसा केला जाई, तो अडला तर कुठे पाहिले जाई आणि तो कोसळला तर परत कसा आणला जाई, हा दुसरा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. या दुसऱ्या इतिहासाच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत : सर्व्हर कोणाच्या नावाने चालतो, कोणत्या दारातून बोलतो आणि यंत्र जळाले तर दुसऱ्या यंत्रावर कशाच्या बळावर उभा राहतो. पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तिसऱ्याच्या वाट्याला आश्वासनेच अधिक आली, आणि म्हणून प्रस्तुत आढाव्याचा कल त्याच्याकडे राहणार आहे.

आरंभकाळ थोडक्यात आटोपता येतो. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकिंड यांनी रचलेली एससीसीएस, ऐंशीच्या दशकातील आरसीएस आणि तिच्यावर उभी राहिलेली सीव्हीएस यांनी फाइलीच्या आवृत्त्या जपण्याची रीत घालून दिली. २००४ साली पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या सबव्हर्जनने त्या रीतीतील बरेच खाचखळगे बुजवले. विंडोजच्या जगात मात्र या काळावर राज्य केले ते व्हिज्युअल सोर्ससेफने. वन ट्री सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचे हे उत्पादन १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि पुढे दहा वर्षे ते असंख्य कार्यालयांत ठाण मांडून बसले.

सोर्ससेफची गंमत, किंवा शोकांतिका, अशी की त्यात सर्व्हर असा नव्हताच. जाळ्यावरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये डेटाबेसच्या फाइली असत आणि प्रत्येकाच्या टेबलावरच्या यंत्रातील प्रोग्राम त्या फाइलींमध्ये थेट लिहीत असे. लिहिता लिहिता केबल निसटली वा वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली नोंद तशीच मागे राही. ज्याला काम करायचे त्याला त्या फोल्डरात लिहिण्याची मुभा द्यावीच लागे, त्यामुळे तो फोल्डर पुसून टाकण्याची मुभाही अनायासे सर्वांनाच मिळे. भारनियमनाच्या त्या वर्षांत ज्या महाराष्ट्रीय कार्यालयांनी यूपीएसची बॅटरी वेळेवर बदलली नाही, त्यांना ‘ॲनालाइझ’ या दुरुस्तीच्या साधनाची ओळख करून द्यावी लागत नसे. सर्वांना बाहेर काढून ते साधन चालवायचे आणि किती फाइली वाचल्या ते मोजायचे, ही दुरुस्तीची परिसीमा होती.

या पार्श्वभूमीवर मार्च २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा टीम फाउंडेशन सर्व्हर २००५ अवतरला. त्याची धुरा ब्रायन हॅरी यांच्याकडे होती, आणि सोर्ससेफ घडवणाऱ्या वन ट्रीच्या संस्थापकांतही तेच होते. आपल्याच जुन्या कामाचे दोष ज्याला तोंडपाठ आहेत अशा माणसाने केलेली ही मांडणी होती. कोडचा इतिहास, कामांच्या नोंदी आणि बिल्ड हे सारे एसक्यूएल सर्व्हर २००५ च्या डेटाबेसांत ठेवले गेले. त्यांच्यापुढे आयआयएस या वेब सर्व्हरवर चालणारा मधला थर बसवला गेला आणि गटातील माणसे त्या थराशीच ८०८० क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या त्या ठरावीक दारातून, बोलू लागली. डेटाबेसला थेट हात लावण्याचा अधिकार कोणालाच उरला नाही, ही त्यातली सर्वांत मोठी सुधारणा.

या सुधारणेची किंमत मात्र इन्स्टॉल करणाऱ्याने मोजली. विंडोज सर्व्हर २००३, त्यावर आयआयएस, त्यावर एसक्यूएल सर्व्हर आणि त्याच्या विश्लेषण व अहवाल सेवा, त्यानंतर शेअरपॉइंट आणि सर्वांत शेवटी टीम फाउंडेशन सर्व्हर, असा हा क्रम होता आणि त्यात अदलाबदल चालत नसे. एसक्यूएल सर्व्हर टाकताना अहवाल सेवा ‘बसवा, पण जुळवणी करू नका’ हा पर्याय निवडावा लागे, कारण ती जुळवणी पुढचा इन्स्टॉलर स्वतः करणार असे. शेअरपॉइंट टाकताना समोर येणारा ‘टिपिकल’ हा पर्याय सोडून ‘सर्व्हर फार्म’ निवडावा लागे, कारण टिपिकल निवडताच शेअरपॉइंट स्वतःचा वेगळा छोटा डेटाबेस थाटून मोकळा होई. ज्याने सवयीने ‘नेक्स्ट’ दाबले त्याची चूक तिथे दिसत नसे, ती दोन टप्प्यांनंतर भलत्याच संदेशाच्या रूपाने डोके वर काढी, आणि तोवर बहुधा सारे पुसून पहिल्यापासून आरंभ करण्याखेरीज गत्यंतर नसे. या सर्व्हरचे मार्गदर्शकपत्र कामाला हात लावण्यापूर्वी आद्यंत वाचणे हा शहाणपणाचा सल्ला होता, आणि तो न मानणाऱ्यांच्या कहाण्या त्या पिढीत भरपूर आहेत.

त्या मार्गदर्शकपत्राने तीन वेगळी खाती सुचवली होती : बसवण्यासाठी एक, सेवा चालवण्यासाठी दुसरे आणि अहवालांसाठी तिसरे. माणसाच्या नावाने न चालता सेवेच्या नावाने चालणाऱ्या अशा खात्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. तिन्ही कामे एकाच प्रशासकाच्या खात्यावर उरकून घेणाऱ्यांचा एक पंथ तेव्हाही होता, आजही आहे, आणि ‘चालतंय ना?’ हा त्या पंथाचा युक्तिवाद. तो प्रशासक नोकरी सोडतो किंवा नियमाप्रमाणे त्याचा पासवर्ड बदलतो, तेव्हा वेब सर्व्हरमागची प्रक्रिया जुन्या पासवर्डानिशी उठू शकत नाही, ब्राउझरमध्ये ५०३ हा आकडा झळकतो आणि सोमवारी सकाळी सारा गट हातावर हात ठेवून बसतो. आदल्या रात्री सर्व्हरवर कोणीही काही बदललेले नसते, म्हणूनच हा दोष शोधायला वेळ लागतो.

दोषशोधनाची शिस्त म्हणजे काय, याचा नमुना म्हणून याच काळातला आणखी एक दोष जवळून पाहण्याजोगा आहे. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून एक सुरक्षा-तपासणी आली होती. यंत्राने स्वतःच्याच वेब सर्व्हरला आपल्या मूळ नावाऐवजी दुसऱ्या एखाद्या नावाने हाक मारली, तर विंडोजची ओळखपडताळणी ती हाक नाकारते, कारण तसे करून कोणी फसवणूक करू शकतो. आता ज्या कार्यालयाने सर्व्हरला सुटसुटीत टोपणनाव दिले असेल, तिथे चित्र असे दिसे की सर्वांच्या यंत्रांवरून तो व्यवस्थित उघडतो, पण प्रत्यक्ष सर्व्हरसमोर बसून उघडला की तीनदा पासवर्ड मागून ४०१.१ हा नकार देतो. सर्व्हरच्या ज्या अंतर्गत सेवा त्याच टोपणनावाने त्याला हाक मारतात त्याही मग गुपचूप अडतात. पासवर्ड बरोबर असतो, अधिकार बरोबर असतात, जाळे बरोबर असते, आणि तरीही नकार येतो. घाईतला माणूस इथे अधिकार वाढवत सुटतो. शिस्तीचा माणूस ‘बाहेरून चालते, आतून चालत नाही’ एवढाच फरक कागदावर मांडतो आणि तिथून थेट त्या तपासणीपाशी पोहोचतो. उपायही दोन होते : तपासणी साफ बंद करणे, किंवा रजिस्ट्रीत त्या टोपणनावाची नोंद करून तेवढ्याच नावाला मुभा देणे. पहिला सोपा होता म्हणून लोकप्रिय ठरला, पण बरोबर होता तो दुसरा.

२००८ च्या आवृत्तीने इन्स्टॉलेशनचा वर सांगितलेला जाच थोडा हलका केला आणि २०१० च्या आवृत्तीने तो जवळजवळ संपवला. फाइली बसवणे आणि जुळवणी करणे हे दोन टप्पे तिने वेगळे केले. जुळवणीपूर्वी यंत्राची पूर्वतपासणी होऊ लागली आणि ‘बेसिक’ हा प्रकार निवडल्यास शेअरपॉइंट व अहवाल यांना फाटा देऊन साध्या विंडोज ७ वरही सर्व्हर उभा राहू लागला. विझार्ड आल्याने विद्या बुडाली, असे गळे काढणारे त्या वेळी निघाले. त्यांच्याशी सहमत होता येत नाही, कारण चुकीच्या क्रमाने केलेले इन्स्टॉलेशन पाच वेळा पुसण्यात विद्या नव्हती. पुढची वाटचाल धावत पाहिली तरी पुरे : २०१३ मध्ये आवृत्त्या जपणारी गिट ही प्रणाली आत आली, २०१५ मध्ये बिल्डची नवी व्यवस्था आली, २०१८ च्या आवृत्तीत शेअरपॉइंटशी असलेले नाते तुटले आणि २०१९ पासून हाच सर्व्हर ॲझ्युर डेव्हऑप्स सर्व्हर या नावाने ओळखला जाऊ लागला.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. २००५ च्या आवृत्तीत कोड एका डेटाबेसात, कामांच्या नोंदी दुसऱ्यात, त्यांना जोडलेल्या फाइली तिसऱ्यात आणि या सर्वांना बांधणारा ताळमेळ चौथ्यात, अशी विभागणी होती. यांतील एकाचा बॅकअप रात्री एकचा आणि दुसऱ्याचा पहाटे तीनचा असेल, तर दोन्ही निर्दोष असूनही एकमेकांशी जुळत नाहीत. एखाद्या कामाची नोंद ज्या बदलाकडे बोट दाखवते तो बदल कोडच्या डेटाबेसात नसतोच. यावर उपाय म्हणून सर्व डेटाबेसांच्या लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, एकाच क्षणी खूण करून ठेवायची आणि रिस्टोअर करताना सर्वांना त्याच खुणेपर्यंत आणायचे, अशी सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये होती. तिला चिन्हांकित व्यवहार म्हणता येईल. ती वापरणारे थोडे होते, आणि ती वापरली नाही हे रिस्टोअर करण्याचा दिवस उजाडेपर्यंत कळत नसे.

याहून सूक्ष्म गोष्ट किल्लीची होती. अहवाल सेवा डेटाबेसशी जोडणी करण्यासाठी लागणारे पासवर्ड कूटरूपात साठवते आणि ते कूट सोडवणारी किल्ली वेगळी काढून, पासवर्डबंद फाइलीत जपावी लागते. सर्व डेटाबेस हाताशी आहेत पण किल्ली नाही, अशा स्थितीत नव्या यंत्रावर अहवाल सेवा उभी तर राहते, पण साठवलेले पासवर्ड तिला वाचता येत नाहीत, आणि जुने कूट पुसून ते सारे हाताने पुन्हा भरावे लागतात. ही किल्ली बसवण्याच्या दिवशीच काढून घ्यावी, आणि खाती, पोर्ट, आवृत्त्या, किल्लीची जागा यांची नोंद सर्व्हरपासून दूर ठेवलेल्या कागदी वहीत करावी, हा आग्रह त्या काळी जुनाट समजला गेला. सर्व्हरची माहिती त्याच सर्व्हरवरच्या फाइलीत लिहिणाऱ्यांनी या वहीला नावे ठेवली आणि यंत्र बंद पडल्यावर तीच वही मागितली.

हा सारा खटाटोप जुन्या, बोजड उत्पादनाचा होता आणि गिटच्या युगात तो कालबाह्य झाला, असे प्रतिपादन आता वारंवार केले जाते. ‘प्रत्येकाच्या यंत्रावर पूर्ण इतिहास असतोच, मग बॅकअपची चिंता कशाला?’ हा त्याचा गाभा. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. कोडचा इतिहास प्रत्येकाकडे असतो, पण कोडविषयी झालेली चर्चा, कामांच्या नोंदी, कोणाला कशाची मुभा आहे ते आणि बिल्डसाठी साठवलेली गुपिते, हे सर्व सर्व्हरच्या डेटाबेसातच असते. २०११ मध्ये सुरू झालेला आणि आज अनेक कार्यालये स्वतःच्या यंत्रावर चालवतात तो गिटलॅब घेतला, तरी जुनाच धडा नव्या अक्षरांत भेटतो. त्याचा बॅकअप त्याच आवृत्तीच्या सर्व्हरवर रिस्टोअर करावा लागतो, आणि डेटाबेसातील कूट सोडवणाऱ्या किल्ल्यांची गुपितांची फाइल त्या बॅकअपमध्ये मुद्दामच घातलेली नसते, ती वेगळी जपावी लागते. उत्पादन बदलले, कंपनी बदलली, विंडोजच्या जागी लिनक्स आले, पण किल्ली बॅकअपच्या बाहेरच राहिली.

तिसऱ्या प्रश्नाच्या या उपेक्षेचा सर्वांत बोलका पुरावा गिटलॅबच्याच सार्वजनिक सेवेने ३१ जानेवारी २०१७ रोजी जगासमोर ठेवला. मुख्य आणि दुय्यम डेटाबेसांमधील अडलेली नक्कल-प्रक्रिया दुरुस्त करताना एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरचा डेटा पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य यंत्रावर दिली आणि सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण त्या क्षणी एकही कामाची निघाली नाही. रोज डेटाबेसची प्रत काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज अयशस्वी होत होते, आणि त्या अपयशाची सूचना देणारी ईमेलपत्रे पडताळणीची सही नसल्याने नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी भलत्याच कारणासाठी, हाताने काढलेली एक प्रत होती म्हणून सेवा परत उभी राहिली. कोडची भांडारे शाबूत राहिली, मात्र त्या सहा तासांतील सुमारे ५००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि सुमारे ७०० नवी खाती गेली. त्या संस्थेने दुरुस्तीचे काम सर्वांना थेट पाहू दिले आणि कारणमीमांसा प्रसिद्ध केली, याबद्दल ती आदरास पात्र आहे. त्या कारणमीमांसेचे सार एका वाक्यात येते : बॅकअप घेतले जात होते, रिस्टोअर करून कोणी पाहत नव्हते.

आजची स्थिती याहून समाधानकारक म्हणवत नाही. एका फाइलीतील दहा ओळींवर कंटेनरमध्ये सर्व्हर पाच मिनिटांत उभा राहतो, ही सोय निःसंशय मोठी आहे. पण तो ज्या वेगाने उभा राहतो त्याच वेगाने त्याच्या पोटात काय आहे याची जिज्ञासा आटते, आणि डेटा कोणत्या फोल्डरात साठतो हे ठाऊक नसताना कंटेनर काढून टाकणारे हात तयार होतात. लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहून ठेवलेली दैनंदिनी, वाचण्याऐवजी ‘रीस्टार्ट मारून बघा’ हा पहिला आणि अनेकदा शेवटचा उपाय ठरतो. रीस्टार्टने दोष दबतो, त्याचे कारण मात्र दैनंदिनीच्या जुन्या पानांत गाडले जाते. क्लाउडवर गेल्यावर हे प्रश्न उरतच नाहीत, असे सांगणाऱ्यांना एवढेच विचारावे की वर वर्णिलेली सेवा दुसरे काय होती? प्रश्न तिथेही तेच असतात, उत्तर देणारा तेवढा दुसऱ्या गावी असतो.

बसवण्याची कला यंत्राने हातची घेतली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पुन्हा उभा करण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही विझार्डने अद्याप उचललेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालये रिकामी असतात आणि एखादे जुने यंत्रही रिकामे सापडते. जाळ्यापासून तोडलेल्या त्या यंत्रावर कालचा बॅकअप घेऊन सर्व्हर उभा करावा, एक जुनी नोंद उघडावी, एक बिल्ड चालवावे आणि कुठे किल्ली अडली ते पाहावे. पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनीही एक वही घालावी आणि तिच्या पहिल्या पानावर या तालमीची तारीख लिहावी. ज्या सर्व्हरच्या वहीत ही तारीख नाही, तो अजून उभा झालेला नाही असेच समजावे.