पॅम्फ्लेट छापताय? आधी चार कॉलम आखा

व्हिडिओत माझ्या दुकानाचं पहिलं पॅम्फ्लेट दाखवलं, ते बघून हसायला आलं असेल तर बिनधास्त हसा. इन्स्टाग्रामसाठी केलेली चौरस पोस्ट मी तशीच प्रेसवर पाठवली होती आणि वर सांगितलं, "ए५ मध्ये बसवा." ए५ कागद चौरस नसतो, 148 मिमी रुंद आणि 210 मिमी उंच असतो. डिझाइन उभं ताणलं गेलं, फोटोतले डबे बाटल्यांसारखे दिसायला लागले. फोन नंबर अगदी कडेला होता, त्याचा शेवटचा आकडा कटिंगमध्ये उडाला. दोन हजार कॉप्या रद्दीत गेल्या. चूक प्रेसची नव्हती, माझीच होती.

ए४, ए५ या कागदांची उंची रुंदीच्या साधारण 1.414 पट असते. त्यामुळे ए४ मधोमध कापला की त्याच प्रमाणाचे दोन ए५ मिळतात, आणि ए४ चं डिझाइन ए५ वर न ताणता लहान होतं. अक्षरंही लहान होतात हं; 10 पॉइंटची 7 पॉइंटवर येतात. आजोबांना वाचता येणार नाहीत.

आता ग्रिड. स्वित्झर्लंडचे डिझायनर योसेफ म्युलर-ब्रॉकमान यांनी 1981 मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याला तेवढं नको, एक साधा हिशेब पुरे. ए५ च्या चारही बाजूंना 10 मिमी मोकळे सोडा. रुंदी उरली 128. त्यात चार कॉलम, मध्ये 4 मिमीच्या तीन फटी. (डिझाइनवाले या फटीला गटर म्हणतात, आपण फटच म्हणू.) 128 मधून 12 गेले, राहिले 116. म्हणजे प्रत्येक कॉलम 29 मिमी.

समजा तुम्ही दिवाळीचा फराळ विकताय. मथळा चारही कॉलमवर. खाली चकली, शंकरपाळे, अनारसे ही नावं पहिल्या तीन कॉलममध्ये, म्हणजे 95 मिमीत, डावीकडून एका रेषेत. भाव फक्त चौथ्यात. गिऱ्हाईक भाव शोधत बसत नाही, नजर सरळ खाली उतरते. एखादी जागा रिकामी राहिली तर राहू दे. तिथे फुलं, फटाके, "स्पेशल ऑफर"चा तारा घालायची खाज आपल्या सगळ्यांना असते, मलाही आहे.

इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर टाकला की अजून एक घोळ होतो. ओळी जवळ असतात, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. 10 पॉइंटच्या अक्षराला ओळींचं अंतर 15 ठेवून बघा.

ऑर्डर देण्याआधी साध्या प्रिंटरवर 100 टक्के मापात एक कॉपी काढा. घरातल्या कुणाच्या तरी हातात पाच सेकंद द्या, परत घ्या आणि विचारा: काय विकतोय, केवढ्याला?