कोईचं तळं: आराखडा मे महिन्यातल्या पहाटेसाठी

आजचा विषय बागेतलं तळं, आणि तेही कोई माशांसाठीचं. मी कोलकात्यात राहतो, त्यामुळे सुरुवातीलाच एक घोळ मिटवतो. इथे शेजाऱ्याला ‘कोई पाळतोय’ असं सांगितलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. बंगालीत ‘कोइ’ म्हणजे वेगळाच मासा: वीतभर, काळपट, काटेरी, आणि ‘तेल-कोइ’ म्हणून पानात येणारा. बाजारात तो हंडीतल्या चार बोटं पाण्यात जिवंत ठेवलेला असतो. त्याला हवेतून श्वास घेण्याचा अवयव आहे. पावसात तो एका डबक्यातून निघून ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो.

आपली कोई जपानी. ती कार्प, म्हणजे बंगालमध्ये ज्याला ‘अमेरिकन रुई’ म्हणतात त्याच जातीचा रंगीत अवतार. जपानच्या निगाता प्रांतात, यामाकोशीच्या डोंगरात, जिथे हिवाळ्यात माणसापेक्षा उंच बर्फ साचतो, तिथल्या भातशेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात हे रंग निवडत नेले. 1914 च्या टोकियोतल्या प्रदर्शनात ते मांडले, तेव्हा बाकीच्या जपानला त्यांची ओळख झाली. या माशाला हवेतून श्वास घेता येत नाही. त्याला जो प्राणवायू लागतो तो पाण्यात विरघळलेला असावा लागतो. आपल्याकडचं तळं करताना सगळं घोडं इथेच अडतं.

हिशेब असा. 20 अंश तापमानाच्या पाण्यात एका लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. मासा मात्र गरम पाण्यात जास्त हालतो, जास्त खातो, त्याला प्राणवायू जास्त लागतो. त्यात रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीसुद्धा प्राणवायू वापरतात, म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची. पाच मिलिग्रॅमच्या खाली कोई अस्वस्थ होते, तीनच्या खाली पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागते.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. माझं पहिलं तळं अडीच फूट खोल, जमिनीच्या पातळीला, मध्ये कारंजं आणि कडेला कमळं असं होतं. ठेकेदाराने ‘साहेब, फोटो काढण्यासारखं होईल’ म्हणून सांगितलं, आणि तसं ते झालंही. मे महिन्यात एका संध्याकाळी कालबैसाखीचं वादळ आलं. तळाचा गाळ ढवळला गेला, वीज गेली, कारंजं बंद पडलं. पहाटे टॉर्च घेऊन गेलो तर अकरापैकी नऊ मासे उलटे तरंगत होते. मेले ते सगळे मोठे, वाचले ते दोन लहान. प्राणवायू संपल्याची हीच खूण: आधी मोठे जातात. रोगाने इतके मासे एका रात्रीत आणि असे आकाराच्या क्रमाने मरत नाहीत. दोष वादळाचा नव्हता. मी वर्षातल्या सर्वांत चांगल्या सकाळीचा आराखडा केला होता, सर्वांत वाईट पहाटेचा नाही. आयुष्यभर उलटा सराव केलेल्या माणसाला ही चूक अधिक लागते.

दुसऱ्या वेळी आधी जमीन पाहिली. माझं घर सॉल्ट लेकमध्ये. ही सगळी वसाहत 1960 च्या दशकात हुगळीतला गाळ नळांनी आणून खाऱ्या दलदलीवर पसरून उभी केलेली. त्यामुळे पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी जवळ येतं. मराठी माणूस इथे खणायला लागला की शेजारचे दादा थट्टा करतातच, कारण 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या, म्हणजे ‘बर्गीं’च्या, धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो पुरा झाला नाही, पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ मात्र अजून आहे. मी म्हटलं, या वेळी खणणारा मराठाच आहे, आणि खड्डा तीन फुटांच्या खाली नेणार नाही.

तीनच फूट का, ते सांगतो. माझं आताचं तळं आतून 12 फूट लांब, 8 फूट रुंद. भिंती 5 फूट, पाणी साडेचार फूट, म्हणजे सुमारे 12 हजार लिटर. सहा इंची आरसीसीची ही पेटी रिकामी असताना साधारण 11 टन भरते. पण ती पूर्ण जमिनीत पुरली आणि भूजल काठापर्यंत आलं, तर तिच्यावर वरच्या दिशेने 18 टनांचा रेटा येतो. साफसफाईसाठी तुम्ही तळं रिकामं केलंत की ती होडीसारखी उचलली जाते, पाइप मोडतात. गणित केलं तर सव्वातीन फुटांपेक्षा कमी भाग जमिनीत असला की स्वतःचं वजन पुरतं. म्हणून तीन फूट खाली, अडीच फूट वर. वर काढल्याचा दुसरा फायदा मोठा आहे. कोलकात्यात वर्षाला 1,600 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अंगणात घोटाभर पाणी साचलं, त्यात गटार, साबण, झाडांवर मारलेलं औषध असलं, तरी ते तळ्यात येत नाही. आणि कठड्यावर बसता येतं.

तुमची जमीन वेगळी असेल. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिथे काळी माती काढून खाली आणि बाजूंनी मुरूम दाबून भरल्याशिवाय काँक्रीट ओतू नका. पुण्याकडे दोन फुटांवर खडक लागला तर तोही तळं वर काढायचाच इशारा समजा. जागा ऐसपैस असेल तर शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद चालतो, फक्त उतारावर पक्की घडी बसत नाही आणि घडीत घाण अडकते.

जागा निवडताना सकाळचं ऊन, दुपारी दोननंतर घराची सावली, असं पाहा. झाडाखाली तळं नको. सावली मिळते, पण पानं पडून कुजतात आणि तीही प्राणवायू खातात. माझ्याकडे एप्रिल ते जून शेडनेट असते. तीच खंड्या आणि वंचक बगळ्यापासूनही वाचवते. तळ्याच्या भिंती सरळ उभ्या ठेवा, बगळ्याला उभं राहायला पायरी देऊ नका.

आता फिल्टर, ज्यावर लोक पैसे वाचवतात. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य आहे, ते पाणी बदलून काढता येतं. या जिवाणूंना राहायला जागा देणं म्हणजे फिल्टर. आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे: सामू तोच असताना 20 अंशाला जेवढा अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट 30 अंशाला असतो. म्हणजे थंड देशासाठी लिहिलेला माशांचा आकडा इथे तसाच उचलू नका. हजार लिटरला एक मोठा मासा म्हणतात. माझ्या 12 हजार लिटरमध्ये आठच आहेत.

रचना अशी: तळाला मध्याकडे उतार, मधोमध जाळी आणि चार इंची पाइप. हा पाइप काँक्रीटच्या आधी टाकायचा, नंतर काही करता येत नाही. त्यातून गाळाचं पाणी पहिल्या चेंबरमध्ये येऊन बसतं, तिथे खाली व्हॉल्व्ह. दुसऱ्यात ब्रश आणि मॅट. पंप शेवटी, स्वच्छ पाण्यात, म्हणजे घाण दळली जात नाही. सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरावं, म्हणून ताशी 6 हजार लिटरचा पंप. हवेचा पंप वेगळा, पाण्याच्या पंपावर अवलंबून नसलेला. तो सुमारे 40 वॉटचा आहे, 150 अँपिअर-अवरची बॅटरी चांगली असेल तर इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. कारंज्यापेक्षा आधी हे घ्या. खरं तर कारंजं घेऊच नका.

नवीन काँक्रीट पाण्यात चुना सोडतं आणि सामू भलताच चढतो. तळं भरा, आठवडाभर ठेवा, उपसा, असं तीन-चार वेळा करा, किंवा पाण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सी लेप लावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशालाही मारतं आणि फिल्टरच्या जिवाणूंनाही. मी वेगळ्या टाकीत हवा सोडून 24 तास ठेवतो आणि दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलतो. घाई असेल तर मासेवाल्यांकडे ‘हायपो’ मिळतो, सोडियम थायोसल्फेट. बोअरचं पाणी बंगालमध्ये बऱ्याच ठिकाणी लोहाचं, वर आलं की तांबडं होतं. तेही हवा देऊन, गाळ बसवूनच वापरा. कोकण-गोव्यात आणि इथल्या पावसाळ्यात उलटा प्रश्न येतो: पावसाचं मऊ पाणी तळ्यात भरत गेलं की सामू एकाएकी घसरतो. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीतून कालवांची टरफलं ठेवली तर तो सावरतो. कडेला जादा पाणी जायचा पाइप हवाच.

डासांची काळजी बायकोने पहिल्या दिवशीच विचारली, आणि ज्या शहरात रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये डासांमधून पक्ष्यांचा मलेरिया पसरतो हे दाखवलं, तिथे ती योग्यच होती. वाहत्या पाण्यात, माशांसकट, अळ्या टिकत नाहीत. धोका असतो तो फिल्टरच्या उघड्या चेंबरचा आणि पावसात भरणाऱ्या बादल्यांचा. चेंबरवर जाळी बसवा. डेंग्यूचा डास सहसा स्वच्छ पाणी शोधतो.

वेळापत्रक मी असं धरलं. सरस्वती पूजेनंतर खोदाई, कारण तेव्हा भूजल खाली असतं. पावसाळ्याआधी काँक्रीट आणि पाइप पुरे. पावसाळाभर पाणी फिरवत, दोन-चार काटक मासे ठेवून फिल्टरमध्ये जिवाणू वाढू द्यायचे. यात थंड देशात सहा-आठ आठवडे जातात, इथल्या उबेत महिनाभर पुरतो, पण किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत थांबायचं. कालीपूजेनंतर कोई. थंडीचे तीन महिने त्यांना रुळायला मिळतात.

मासे मी दर रविवारी गॅलिफ स्ट्रीटवर भरणाऱ्या बाजारातून घेतो. पहाटे लवकर गेलं तर पिशव्या ताज्या असतात. आयात केलेल्या महागड्या मोठ्या माशापेक्षा इथेच पैदास केलेली पाच-सहा इंचांची कोई घ्या, तिला इथलं पाणी आणि उष्मा सवयीचा असतो. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मासा हाताने किंवा जाळीने सोडा, पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नका. आणि तळ्यातही लगेच नाही. तीन-चार आठवडे वेगळ्या हजार लिटरच्या टाकीत, हजार लिटरला तीन किलो मीठ घालून. एका नव्या माशाने आठही जातात.

उन्हाळ्यात खाणं सकाळी उशिरा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. रात्री काहीच नाही. मे-जूनमध्ये मी पहाटे साडेचारला एकदा चक्कर मारतो. हवेचा पंप चालू आहे ना, आणि मासे तळाशी शांत आहेत ना, एवढंच पाहायचं असतं.

मासे वाढले, पिल्लं झाली, जागा कमी पडली, तर ती जवळच्या पुकुरात किंवा रवींद्र सरोवरात सोडू नका. कार्प तळाची माती उकरून पाणी गढूळ करतो, आणि रोहू-कातल्याचं, खऱ्या कोइचं घर बिघडतं. गॅलिफ स्ट्रीटवरचा ओळखीचा विक्रेता परत घेतो. पैसे मात्र निम्मेही देत नाही.